परगांवीं बिऱ्हाड

ज्युबिलीच्या स्मरणिकेंत देवळाच्या इमारतीचा इतिहास यावा हें रीतीला धरूनच आहे. पाया केव्हां घातला, वीट कोठून आली, घंटा प्रथम केव्हां वाजली, हें आमच्या मुलाबाळांस ठाऊक असलेंच पाहिजे. परंतु देऊळ ज्यांच्यासाठीं बांधावयाचें तीं माणसें रात्रीं कोठें निजतात, हाहि इतिहासाचाच विषय आहे. म्हणून ह्या शुभप्रसंगीं आम्ही त्या विषयाला हात घालीत आहों. परगांवीं गेलेल्या गरीब माणसाला त्याच्या ऐपतीच्या भाड्यांत राहावयास जागा कशी मिळाली, कोणीं दिली व कोणीं नाकारली, ह्याची ही हकीकत आहे.

आमचें उमरखेड यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण सीमेवरचें. खालीं पैनगंगा, तिच्या पलीकडे नांदेड जिल्हा, म्हणजे १९४८ पर्यंत निजामाचा मुलूख. १९०५ सालीं जुना वाशीम जिल्हा मोडला, पुसद तालुका वणी जिल्ह्यास जोडला गेला आणि त्या जिल्ह्याला यवतमाळ हें नांव मिळालें. उमरखेड तेव्हां पुसद तालुक्यांतच मोडत असे. ख्रिस्तसभेच्या व्यवस्थेंत हा प्रदेश आधीं १८८७ सालीं स्थापन झालेल्या नागपूर धर्मप्रांताकडे होता व १९५५ पासून अमरावती धर्मप्रांताकडे आहे. येथली शेती मुख्यतः कापसाची. पुढें ऊस, हळद व सोयाबीन ह्यांची भर पडली. ज्याला शेत नाहीं, किंवा आहे तें पुरत नाहीं, तो नांदेड, नागपूर, पुणें, मुंबई ह्यांची वाट धरतो. मुलगी परिचारिकेचें शिक्षण घेण्यास जाते, मुलगा कारखान्यांत किंवा गाडीवर लागतो. पुष्कळदां काम आधीं मिळतें आणि जागा मागाहूनहि मिळत नाहीं. पहिला पगार हातीं पडण्यापूर्वींच घरमालक अनामत मागतो, आणि ती कोठून आणावी ह्या विवंचनेनें इकडे आईबापांची झोंप उडते. ही विवंचना आजची नव्हे. तिला दीडशें वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासाशीं आमच्या वऱ्हाडाचा संबंध वाटतो त्याहून जवळचा आहे.

हा संबंध कापसानें जोडला. मुंबईंत ताडदेव येथें पहिल्या सूतगिरणीची स्थापना कावसजी दावर ह्यांनीं १८५४ सालीं केली. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें १८६१ ते १८६५ ह्या काळांत तिकडला कापूस विलायतेस जाईनासा झाला व वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. १८६७ सालीं आगगाडी नागपूरपर्यंत पोंचली. तेव्हांपासून आमच्या बाजूचा कापूस बैलगाड्यांतून आगगाडीच्या ठाण्यापर्यंत आणि तेथून मुंबईस जाऊं लागला. ज्या गाडीनें गांठी गेल्या त्याच गाडीनें पुढें माणसेंहि गेलीं.

मुंबईंत त्यांस काय मिळालें? गिरण्या वाढल्या त्या मानानें घरें वाढलीं नाहींत. खासगी मालकांनीं चाळी उठविल्या. लांब व्हरांडा, त्याला लागून एकेक खोली, टोंकाला सर्वांचे मिळून नळ व संडास. एका खोलींत एक कुटुंब राही; भाडें परवडेनासें झालें म्हणजे तेंच कुटुंब आणखी दोघांचौघांस पोटभाडेकरू म्हणून ठेवून घेई. एकटे आलेले पुरुष गांवकीच्या खोलींत वळकट्या टाकीत, आणि दिवसपाळीचा माणूस उठून गेला कीं रात्रपाळीचा त्याच जागीं निजे. नवख्याला ही जागा कोण दाखवी? पुष्कळदां गिरणींतला मुकादमच. कामावर लावणारा तो, उसने पैसे देणारा तो आणि जागा मिळवून देणाराहि तोच. त्यामुळें काम गेलें कीं जागाहि जाण्याची धास्ती असे. स्वस्त जागा मिळे, परंतु तिच्याबरोबर मिंधेपणाहि येई.

१८९६ सालच्या सप्टेंबर महिन्यांत ह्या दाटीचें फळ सर्व जगाला दिसलें. मांडवी भागांत लोक तापानें व गांठींनीं पटापट मरूं लागले. हा ग्रंथिज्वर, म्हणजेच प्लेग आहे, असें निदान ज्यांनीं प्रथम निर्भयपणें केलें ते डॉक्टर अकासियु गाब्रियल व्हिएगस हे गोव्यांतील हडफडें गांवचे कॅथॉलिक गृहस्थ. पुढें ते मुंबई म्युनिसिपल कॉर्पोरेशनचे अध्यक्ष झाले, आणि धोबीतलावाजवळ त्यांचा पुतळा उभा आहे. त्यांच्याविषयीं आम्हांस अभिमान वाटतो तो केवळ स्वधर्मीय म्हणून नव्हे. गरिबांच्या अंधाऱ्या खोल्यांत स्वतः शिरून त्यांनीं रोग्यांस तपासलें, म्हणून वाटतो.

प्लेगनंतर सरकारला जाग आली. १८९८ च्या कायद्यानें मुंबईंत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. रुंद रस्ते काढावे, कोंदट वस्त्या पाडाव्या, उघड्या जागीं नव्या चाळी बांधाव्या, असा त्याचा हेतु. प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड हे रस्ते त्याच उद्योगांतून निघाले, आणि पुढें दादर-माटुंग्याकडील वसाहतीहि झाल्या. परंतु आरंभीच्या वर्षांत पाडलेल्या खोल्या पुष्कळ व बांधलेल्या थोड्या, असा प्रकार झाला. ज्याची खोली पडली तो नव्या खोलीची वाट पाहत बसूं शकत नव्हता; त्याला उद्यां पहांटे गिरणीच्या भोंग्याला हजर व्हावयाचें होतें. तो शेजारच्या गल्लींत, आधींच भरलेल्या चाळींत, जास्त भाडें देऊन शिरला. रस्ता रुंद झाला आणि गल्ली अधिक अरुंद झाली. पाडण्यापूर्वीं बांधलें पाहिजे, हा पहिला धडा येथें मिळाला. पण तो शिकावयास फार काळ लागला.

दुसरा प्रयत्न मोठाच होता, आणि त्याचा पैसा आमच्या कापसावरहि बसविला होता, हें आमच्यापैकीं फार थोड्यांस ठाऊक असेल. पहिल्या महायुद्धानंतर मुंबईंत भाडीं अतोनात वाढलीं. तेव्हां गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड ह्यांच्या सरकारनें १९२० सालीं डेव्हलपमेंट डायरेक्टोरेट हें खातें काढलें. त्याच्या नांवाचीं आद्याक्षरें घेऊन ज्यांस लोक बीडीडी चाळी म्हणतात त्या चाळी ह्याच खात्याच्या. मजुरांसाठीं पन्नास हजार खोल्या बांधण्याचा संकल्प होता. खर्च भागविण्यासाठीं मुंबईंत येणाऱ्या कापसाच्या दर गांठीमागें एक रुपया कर ठेवला. गांठ म्हणजे सुमारें ३९२ पौंड कापूस. तो कापूस अर्थात् वऱ्हाडचाहि होता. पुसद-उमरखेडच्या काळ्या रानांत बायकांनीं वेंचलेल्या बोंडाचा अंश मुंबईच्या मजुराच्या भिंतींत गेला, असें म्हणावयास हरकत नाहीं.

संकल्प पन्नास हजारांचा, पण झाल्या सुमारें साडेसोळा हजार खोल्या. वरळीस १२१ चाळी, नायगांवास ४२, डिलाईल रोडला ३२ व शिवडीस १२, मिळून २०७. प्रत्येक चाळ तळमजला धरून चार मजल्यांची, दर मजल्यावर वीस खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. इतकी टंचाई असतां ह्या खोल्यांवर माणसांची झुंबड उडावयास पाहिजे होती. उडाली नाहीं. पुष्कळ खोल्या, विशेषतः वरळीच्या, कित्येक वर्षें रिकाम्या पडून राहिल्या.

ह्याचें कारण समजून घेतल्यावांचून पुढें जाणें योग्य नव्हे. महाग काँक्रीटनें बांधलेल्या खोलीचें भाडें आधीं खर्चाच्या हिशेबानें ठरलें, मजुराच्या मिळकतीच्या हिशेबानें नव्हे. पुढें तें उतरवावें लागलें. वरळी गिरण्यांपासून दूर, आणि बाजारहाटाची सोय तेथें आरंभीं अपुरी. भिंती व झरोके असे कीं खोलींत उजेड पुरेसा येत नसे. आणखीहि एक गोष्ट हिशेबांत धरलेली नव्हती. जुन्या गल्लींत मजुराचा वाणी होता, तो महिनाअखेरपर्यंत उधार देई. गांवचीं माणसें होतीं, तीं आजारपणांत पाणी देत. नव्या चाळींत खोली होती, पण हा शेजार नव्हता. घर म्हणजे चार भिंती व छप्पर एवढेंच धरून चालणाऱ्याचा हिशेब असा चुकतो. पुढें भाडीं उतरलीं, वस्ती वाढली, दुसऱ्या महायुद्धांत शहरांत माणसांचा लोंढा आला आणि ह्याच चाळी गच्च भरल्या. तेथें शेजार तयार झाला, भजनीमंडळें व व्यायामशाळा निघाल्या, आणि ज्या खोल्या कोणी घेत नव्हतें त्या सोडावयास कोणी तयार होईना. २०२५ सालच्या ऑगस्टांत वरळीच्या पुनर्बांधणींतील पहिल्या ५५६ कुटुंबांस ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. संकल्पापासून शंभरावर वर्षें लोटलीं होतीं.

सरकारच्या खोल्या रिकाम्या असतां गरीब माणूस राहत होता तरी कोठें? ह्याचें एक उत्तर आमच्याच धर्मबंधूंनीं शोधून काढलें होतें, आणि तें आम्हांस फार बोधप्रद वाटतें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत गोव्यांतून पुष्कळ कॅथॉलिक पुरुष मुंबईस येऊं लागले. कोणी आगबोटीवर खलाशी किंवा खानसामा, कोणी आचारी, कोणी शिंपी, कोणी वाजंत्री. खलाशाची गोष्ट विशेष कठीण. वर्षांतले कांहीं महिने तो समुद्रावर आणि बाकीचे महिने पुढल्या बोटीची वाट पाहत बसलेला. अशा माणसाला घरमालक खोली देत नाहीं, आणि दिली तरी बाराहि महिन्यांचें भाडें त्याला परवडत नाहीं. तेव्हां एका गांवच्या लोकांनीं मिळून एक मोठी जागा भाड्यानें घ्यावी, अशी पद्धति पडली. तिला कोंकणींत कूड म्हणतात. कूड म्हणजे खोली. धोबीतलाव, कावेल व माझगांव ह्या भागांत अशा किती तरी कुडी झाल्या. धोबीतलावच्या जेर महाल ह्या एका इमारतींतच अनेक गांवांच्या कुडी आहेत.

कुडीची व्यवस्था साधी असे. जो त्या गांवचा तो सभासद. महिन्याची वर्गणी अगदीं अल्प. प्रत्येकाची पेटी भिंतीशीं ठेवलेली. रात्रीं तिच्यापुढें चटई पसरावयाची व सकाळीं गुंडाळावयाची. दर्शनी बाजूस गांवच्या आश्रयदात्या संताची वेदी, आणि संध्याकाळच्या जपमाळेस हजर राहण्याचा नियम. दारू पिऊन दंगा करणाऱ्यास दंड. ज्याची बोट लागली नाहीं त्याची वर्गणी थकली तर इतर सांभाळून घेत. तो फिरून कामावर गेला म्हणजे फेड करी. गांवीं पत्र व पैसा धाडणें, आजाऱ्यास इस्पितळांत नेणें, परमुलखांत मेलेल्याची क्रिया करणें, हीं कामें कुडीच करी. म्हणजे येथें नुसती खोली नव्हती, जामीनकी होती. घरमालक ज्या अनोळखी माणसावर विश्वास टाकीत नाहीं त्याच्यावर त्याच्या गांवानें विश्वास टाकला. कुडीचें भाडें स्वस्त होतें ह्याचें खरें कारण हेंच.

मध्यम स्थितीच्या लोकांनीं दुसरी वाट काढली. हिंदुस्थानांत सहकारी पतपेढ्यांचा कायदा १९०४ सालीं झाला व १९१२ च्या कायद्यानें इतर कामांच्या सहकारी संस्थांसहि वाट मोकळी झाली. रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी ह्यांच्या खटपटीनें गांवदेवी येथें १९१५ सालीं सारस्वत सहकारी गृहसंस्था निघाली. पुढें तीनच वर्षांनीं, १९१८ सालीं, वांद्र्यास सालसेट कॅथॉलिक को-ऑपरेटिव्ह हाऊसिंग सोसायटी स्थापन झाली. प्लेगच्या भयानें शहर सोडून उपनगरांत गेलेल्या कॅथॉलिक कारकून-शिक्षक वर्गाला तिनें घरें करून घेण्याची सोय केली. तत्त्व सोपें आहे. एकट्याला जमीन घेतां येत नाहीं, पण पन्नासांस मिळून घेतां येते. एकट्यास कोणी मोठें कर्ज देत नाहीं, पण परस्परांस जबाबदार असलेल्या मंडळीस देतात. सभासदानें आरंभीं भागाची रक्कम भरावी आणि उरलेली हप्त्यांनीं फेडावी. भाडें म्हणून जें गेलें असतें तेंच घर होऊन राहतें. नागपुरांत एम्प्रेस मिलनें इंदोरा येथें जमीन घेऊन आपल्या मजुरांस घरें बांधण्यासाठीं असेंच हप्त्यांनीं फेडावयाचें साहाय्य केलें. आमच्या विदर्भांतला तो उपक्रम १९३१ च्या शाही मजूर कमिशनच्या अहवालांतहि नमूद झाला.

येथवर वाचून आम्हां कॅथॉलिकांची छाती थोडी फुगली असेल. परंतु इतिहास लिहितांना आपल्या दाराची फक्त आंतली बाजू दाखवणें प्रामाणिकपणाचें नव्हे. कूड गांवच्याच माणसाची, सारस्वतांची संस्था सारस्वतांची, कॅथॉलिकांची कॅथॉलिकांची. आपल्या माणसांस आंत घेणारें दार दुसऱ्यांच्या तोंडावर बंद होतें. ज्याला असें एकहि दार नव्हतें, त्याची हकीकत डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांनीं स्वतः आपल्या आठवणींत लिहून ठेविली आहे.

१९१७ सालीं विलायतेहून शिकून ते बडोदें संस्थानच्या नोकरीवर हजर झाले. गांठीला परदेशच्या विद्यापीठांचें शिक्षण होतें, परंतु बडोद्यांत त्यांना राहावयास जागा मिळेना. अखेर एका पारशी वसतिगृहांत, दिवसाला दीड रुपया देऊन, खोटें पारशी नांव धारण करून ते राहिले. अकराव्या दिवशीं सकाळीं काठ्या घेऊन आलेल्या पारशांच्या घोळक्यानें त्यांना संध्याकाळपर्यंत जागा सोडण्यास बजावलें. ते एका हिंदु स्नेह्याकडे गेले. त्यानें अडचण सांगितली. मग ते एका ख्रिस्ती स्नेह्याकडे गेले. हें कुटुंब ब्राह्मण जातींतून ख्रिस्ती झालेलें होतें. पत्नीस विचारून सांगतों, असें तो गृहस्थ म्हणाला. बाई जुन्या सोंवळ्याची होती. बाबासाहेब त्याचा अर्थ समजले. मुंबईची गाडी सुटेपर्यंतचे तास त्यांनीं कामाठीबागेंत काढले, आणि बडोदें सोडलें.

बाप्तिस्म्यानें माणूस नवा होतो असें आम्ही शिकवतों. त्या घरांत बाप्तिस्मा आला होता, पण उंबरठा जुनाच राहिला होता. मुंबईंत परळ येथें इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळींतल्या दोन खोल्यांत बाबासाहेबांनीं वीस वर्षांहून अधिक काळ काढला. ज्या ट्रस्टच्या पाडापाडीबद्दल आम्हीं वर दोष दिला त्याच्याच चाळींत हा आसरा होता, हेंहि सांगितलें पाहिजे. सार्वजनिक पैशानें बांधलेल्या खोलीचा हा गुण विसरतां येत नाहीं; ती मागावयास कोणा गांवचें, जातीचें किंवा पंथाचें सभासदत्व लागत नाहीं.

आतां कायद्याकडे वळूं. भाडीं आंवरण्याचा पहिला कायदा मुंबईंत १९१८ सालीं युद्धकाळासाठीं झाला. १९४७ च्या कायद्यानें भाडीं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीस बांधून टाकलीं व भाडेकरूस सहजासहजीं काढतां येणार नाहीं असें केलें. आमच्या बाजूस मध्यप्रांत-वऱ्हाडचा १९४९ चा घरें भाड्यानें देण्याविषयींचा हुकूम लागू झाला. त्याप्रमाणें रिकाम्या झालेल्या घराची वर्दी घरमालकानें सरकारी अधिकाऱ्यास द्यावयाची व तो तें घर गरजूस लावून देऊं शकत असे. ह्या कायद्यांनीं असंख्य कुटुंबांचें रक्षण केलें, हें निर्विवाद आहे. परंतु जो आंत होता त्याचें रक्षण झालें. जो मागाहून आला तो बाहेरच राहिला. मालकास घर भाड्यानें देण्यांत लाभ वाटेना, म्हणून नवीं भाड्याचीं घरें बांधलीं जाईनात. जुन्या चाळींची डागडुजी थांबली, इतकी कीं १९६९ सालीं मुंबईंत दुरुस्तीसाठीं स्वतंत्र मंडळ काढावें लागलें. खोली हवी असेल तर पागडी द्यावी लागे, आणि पागडी हा शब्द मुंबईच्या मराठींत डोक्याऐवजीं खोलीशीं जोडला गेला. हे निरनिराळे कायदे एकत्र करून १९९९ चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा झाला व तो ३१ मार्च २००० पासून अंमलांत आला. आमच्या तरुणांनीं त्यांतली एक गोष्ट पक्की लक्षांत ठेवावी. भाड्याचा किंवा लीव्ह-लायसेन्सचा करार लेखी व नोंदलेला असला पाहिजे, आणि तो नोंदवून घेण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. तोंडी बोलीवर अनामत देऊं नये.

स्वराज्यांत सरकारनें घरें बांधण्याचें काम पुढें चालविलें. विदर्भासाठीं वेगळें गृहनिर्माण मंडळ होतें. १९७७ सालीं राज्यांतील अशीं मंडळें एकत्र होऊन म्हाडा झालें, व आमचा जिल्हा त्याच्या अमरावती मंडळाकडे आहे. खेड्यांसाठीं १९८५ सालीं इंदिरा आवास योजना निघाली. २०१६ पासून तिच्या जागीं प्रधानमंत्री आवास योजना आली. तींत घर निदान २५ चौरस मीटरांचें असावें व सपाट प्रदेशांत एका घरामागें १ लाख २० हजार रुपये साहाय्य मिळावें, असें ठरलें. पण ज्याच्या पायाखालीं स्वतःची जमीनच नाहीं त्यानें हें घर बांधावें कोठें? म्हणून राज्य सरकारला २०१५ सालीं जागा विकत घेण्यासाठीं साहाय्याची वेगळी योजना काढावी लागली. पाडण्यापूर्वीं बांधावें लागतें, हा जसा एक धडा, तसाच बांधण्यापूर्वीं जमीन पाहावी लागते, हा दुसरा.

ह्या सर्व हकीकतींतून आम्हांस जें दिसलें तें थोडक्यांत असें. नुसत्या खोल्या मोजून घराचा प्रश्न सुटला नाहीं. वरळीच्या रिकाम्या चाळी त्याची साक्ष देतात. नुसत्या कायद्यानेंहि सुटला नाहीं. पागडी त्याची साक्ष देते. जेथें भाडें माणसाच्या मिळकतीवरून ठरलें आणि त्याच्यासाठीं जामीन राहावयास कोणी उभा राहिला, तेथेंच गरिबाला जागा मिळाली. परंतु हा जामीन केवळ आपल्याच माणसाचा राहिला म्हणजे काय होतें, तें बडोद्यानें दाखविलें.

आम्ही उमरखेडचे लोक मुंबईंत कूड काढूं शकलों नाहीं. आमची संख्या थोडी व ऐपत बेताची. पण थोडक्यांत करण्यासारख्या तीन गोष्टी आहेत, आणि ज्युबिलीच्या वर्षीं त्यांचा आरंभ व्हावा अशी आमची नम्र सूचना आहे. पहिली, नागपूर, पुणें, नांदेड व मुंबई येथें स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांची एक यादी धर्मगुरूंपाशीं असावी, व नव्यानें जाणाऱ्या मुलामुलींस पहिला महिना पाठ टेकण्यास जागा देण्याची ज्यांची तयारी आहे त्यांच्या नांवापुढें खूण असावी. दुसरी, अनामतीसाठीं एक लहानसा निधि असावा. तो दान म्हणून नव्हे, उसना म्हणून द्यावा. पगार सुरू झाल्यावर त्यानें फेडावा म्हणजे तोच पैसा पुढल्याच्या उपयोगीं पडेल. कापसाच्या गांठीमागें एक रुपया जर मुंबईची चाळ उभारूं शकला, तर कापूस विकल्या दिवशीं प्रत्येक घरानें थोडें कांहीं बाजूला काढणें अशक्य नाहीं.

तिसरी गोष्ट पैशाची नाहीं, आणि म्हणूनच ती सर्वांत अवघड आहे. परगांवीं नांव-आडनांव विचारून झाल्यावर, खोली आतांच दुसऱ्याला दिली, असें उत्तर आमच्यापैकीं पुष्कळांनीं ऐकलें आहे. त्याचा सल आमच्या मनांत आहे. परंतु आमच्या ह्या गांवांतहि परक्या गांवचे शिक्षक येतात, परिचारिका येतात, बँकेचे कारकून येतात, ऊसतोडीचे मजूर येतात. आमच्यापैकीं कांहींच्या घरीं एखादी खोली रिकामी असते. त्या वेळीं आम्ही प्रथम काय विचारतों? भाडें वेळेवर द्याल का, हें विचारण्याचा आमचा हक्क आहे. तुम्ही कोण, कोणाचे, काय खातां, हें विचारण्याचा नाहीं. दर नाताळास आम्ही गाईचा गोठा मांडतों, त्यांत बाळ येशूला निजवतों आणि बेथलेहेमच्या धर्मशाळेंत ज्याला जागा नव्हती त्याच्यापुढें गुडघे टेकतों. त्या धर्मशाळेचा मालकहि वाईट माणूस असेल असें नाहीं. त्याच्याकडे त्या रात्रीं गर्दी असेल, आणि आलेलीं माणसें त्याच्या ओळखीचीं नव्हतीं एवढेंच.

आमच्या देवळाचा दरवाजा सर्वांस उघडा आहे, असें आम्ही अभिमानानें सांगतों. पुढल्या ज्युबिलीच्या स्मरणिकेंत जो कोणी लिहील त्याला आमच्या घरांच्या दारांविषयींहि तसेंच लिहितां यावें, इतकीच आमची इच्छा आहे.